झाकली मूठ

गेल्या दिवाळीत घरी आलेल्या एका काकांनी मला विचारलं, "तू नेमकं करतेस तरी काय?" मी म्हटलं, "गंज बघते." ते हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "एम.एस्सी. केमिस्ट्री करून गंज?" तेवढ्यात आईनं चिवड्याची वाटी पुढे केली आणि विषय तिथंच संपला. माझं उत्तर मात्र राहूनच गेलं. ते आज देते.

नागपूरहून काटोल रोडनं निघालात की गोरेवाडा मागे पडल्यावर थोड्या वेळात जुनापाणी येतं. तिथल्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. तशीच पुढे माहुरझरीला आहेत, दक्षिणेकडे बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट-खापा इथं आहेत, उत्तरेला पेंच नदीच्या काठी नैकुंडला आहेत. ही शिळावर्तुळं म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांची दफनं. आत माणसं पुरली, त्यांच्यासोबत भांडी, मणी, कधी घोडा, आणि लोखंड. भरपूर लोखंड. कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले, बाणांची टोकं, खंजीर, सुऱ्या. त्या काळच्या भारतात लोखंड हाताळणारे जे मोजके प्रदेश आपल्याला नीट माहीत आहेत, त्यात आपला विदर्भ वरच्या रांगेत बसतो.

आता माझा प्रश्न. संग्रहालयात जाऊन यातली एखादी सुरी नीट बघा. पातं दिसतं. पात्याच्या मागे एक निमुळती शेपटी दिसते. पण ही सुरी धरायची कुठे? शेपटी हातात धरून सांबर सोलायला बसलात तर सांबराआधी तुमचाच तळवा सोलला जाईल. म्हणजे तिथं मूठ होती. ती गेली कुठे?

"कुजली," हे सोपं उत्तर आहे, आणि ते बरंचसं खरंही आहे. माझं संशोधन त्या 'बरंचसं' या शब्दात राहिलेल्या फटीत चालतं.

थोडा इतिहास सांगते, कारण या दगडी वर्तुळांनी नागपूरच्या एका नावाजलेल्या माणसाचा जीव घेतलाय. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप फार कमी लोकांना. मिशनरी होते, पण दगड, जीवाश्म, गोंडी भाषा, सगळ्यातच त्यांचं डोकं चालायचं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले होते. परतीच्या वाटेवर ते एकटे होते. पावसानं नाला फुगलेला. त्यात ते बुडाले. त्याच साली नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, उभा राहिला. पुढे १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या भागातल्या वर्तुळांवर लेख लिहिला. पद्धतशीर उत्खननं मात्र स्वातंत्र्यानंतरची. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला खोदलं. मग नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०-७२ मध्ये माहुरझरी उजेडात आणलं. नंतर देव आणि जामखेडकर यांनी नैकुंडला काम केलं. तिथं लोखंड गाळायची भट्टीच सापडली, मातीच्या विटांची, गोल, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्यांसकट. म्हणजे हे लोखंड बाहेरून विकत आणलेलं नव्हतं, पेंचेच्या काठी गाळलं जात होतं.

या सगळ्या लोखंडात माझी सगळ्यात आवडती वस्तू सुरी नाही, कुऱ्हाड आहे. कारण कुऱ्हाडीत दांडा बसवायची युक्ती अजून शाबूत आहे. आपल्या आजच्या कुऱ्हाडीला नेढं असतं, म्हणजे दांडा घालायचं भोक. दांडा घातला, पाचर मारली, झालं. त्या काळच्या विदर्भातली कुऱ्हाड मात्र सरळ चपटी पट्टी आहे, नेढं नाहीच. मग? दांड्याचं टोक चिरायचं, चिरेत ती पट्टी आडवी बसवायची आणि वरून लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या तिरप्या आवळायच्या. ही फुलीची कडी कुऱ्हाडीला गंजून चिकटलेल्या अवस्थेत सापडते. इंग्रजी अहवालात तिला रुक्ष नाव आहे, मी तिला मनातल्या मनात 'मिठी' म्हणते. लाकूड उडून गेलंय आणि मिठी तशीच आहे, मधे रिकामी. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात. इथं गोताचा काळ ठरलेला दांडाच काळाच्या पोटात गेला, पण त्याची जाडी किती होती हे त्या कडीच्या आतल्या मापावरून आजही सांगता येतं.

सुरीचं नशीब एवढं चांगलं नाही. तिला कडी नव्हती. नुसती शेपटी आणि तिच्यावर चढवलेलं काहीतरी.

माहुरझरीला एक अपवाद मिळाला: लोखंडी पात्याला तांब्याची मूठ असलेला खंजीर. पुस्तकांत त्याचंच चित्र असतं, व्याख्यानांत त्याचीच स्लाइड. देखणा आहे, वाद नाही. पण जरा विचार करा, तांब्याची मूठ कोण लावणार? ज्याला परवडतं तो. बाकीच्या गावानं काय वापरलं? जे जंगलात हाताशी होतं ते. लाकूड, शिंग, हाड, कातडं, वादी. तांबं टिकलं म्हणून ते आपल्याला दिसलं. जे टिकलं नाही ते नव्हतंच, असं आपण नकळत धरून चालतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या श्रीमंताची मूठ आपल्याकडे आहे, आणि रोज कंद उकरणाऱ्या, मांस कापणाऱ्या, दोर तोडणाऱ्या माणसाची नाही. मला ही दुसरी मूठ हवी आहे.

इथं केमिस्ट्री कामाला येते. लाकडाच्या मुठीत लोखंडाची शेपटी आहे आणि ते सगळं ओल्या मातीत गेलं, असं समजा. लोखंड गंजायला लागतं. गंज म्हणजे काही फक्त वरून चढणारी लाल भुकटी नव्हे. लोखंडाचे आयन पाण्यात विरघळून आजूबाजूला पसरतात, लाकडाच्या पेशींत शिरतात आणि तिथं क्षार होऊन बसतात. हे क्षार लाकूड खाणाऱ्या बुरशी-जिवाणूंना मानवत नाहीत, त्यामुळे कुजणं मंदावतं. तेवढ्या वेळात पेशींच्या भिंती नि पोकळ्या लोहक्षारांनी भरत जातात. शेवटी लाकूड जातं आणि त्याचा लोखंडी साचा उरतो, एखाद-दोन मिलिमीटर जाडीचा, शेपटीला चिकटलेला. नुसत्या डोळ्यांना तो ओबडधोबड गंज दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच गंजात समांतर नळ्या दिसतात, नळ्यांच्या भिंतींवरची छिद्रं दिसतात, तिरप्या जाणाऱ्या किरण-पेशी दिसतात. नशीब जोरावर असेल तर झाडाची जात नाही तरी कुळ ओळखता येतं. सागाच्या नळ्या वर्षाच्या सुरुवातीच्या वाढीत मोठ्या असतात आणि कड्यासारख्या रांगेत दिसतात, धावड्यात तशी रांग नसते. अशा गंजलेल्या लाकडावर सूक्ष्मदर्शकानं काम करायची पद्धत १९७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये नीट मांडली गेली. तिकडच्या अँग्लो-सॅक्सन थडग्यांतल्या सुऱ्या अशा तपासल्यावर बहुतेक मुठी शिंगाच्या निघाल्या. कुणी शिंग डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. गंजात त्याचे पापुद्रे राहिले होते.

आता शिंगाचा घोळ. मराठीत आपण म्हशीचं शिंग म्हणतो आणि सांबराचंही शिंगच म्हणतो, पण या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. म्हशीचं शिंग केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचं. ते जन्मभर वाढतं, आतून पोकळ असतं, गरम केलं की वाकतं. सांबराचं शिंग हे चक्क हाड आहे. नराच्या डोक्यावर दरवर्षी नवं उगवतं, वाढताना त्यावर मखमली कातडी असते, मग ती सुटते, हंगाम संपला की शिंग गळून पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जंगलात पडलेली शिंगं साळिंदर कुरतडतात, कॅल्शियमसाठी. जुन्या मराठी घरांत सहाणेवर उगाळून लावायला सांबरशिंगाचा तुकडा असायचा, तो याचाच.

मुठीसाठी सांबरशिंग जगात नावाजलेलं का, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. साध्या हाडापेक्षा त्यात खनिज कमी आणि कोलॅजन जास्त, म्हणून दणका बसला तरी तडकत नाही. नरांच्या झुंजीसाठीच ते घडलेलं असतं. बाहेरचं कवच घट्ट, आतला गाभा जाळीदार, त्यामुळे शेपटीसाठी भोक पाडायला कष्ट कमी. वरचा खडबडीतपणा हातातून निसटू देत नाही, मग हात रक्तानं किंवा चरबीनं ओला का असेना. पाण्यात भिजवलं की ते मऊ पडतं, शेपटी आत दाबता येते, वाळलं की पकड घट्ट होते. इंग्रजी अमलात शेफिल्डच्या चाकू कारखान्यांना भारतातून सांबरशिंगं जात, आणि इथल्या जंगलात शिकारीला येणाऱ्या साहेबाच्या कमरेला तीच शिंगं चाकूची मूठ होऊन परत येत. कच्चा माल आपला आणि पक्का माल त्यांचा, ही गोष्ट फक्त कापसाची नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतानं गळालेल्या शिंगांचीही निर्यात बंद केली.

मला हे सगळं स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं. मूठ कशी बसवतात हे कळलं नाही तर गंजात काय शोधायचं हे कसं कळणार? पण सांबरशिंगाचा मार्ग बंद होता, आणि तो असायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याचं शिंग ही सरकारची मालमत्ता आहे. पेंचच्या जंगलात वाटेवर गळालेलं शिंग दिसलं तरी ते उचलून पिशवीत घालायचं नाही. "मी पीएच.डी. करतेय" हे सांगून वनरक्षक विरघळत नाहीत. म्हणून मी म्हशीचं शिंग, खाटकाकडचं बैलाचं हाड आणि तीन लाकडं घेतली: साग, बाभूळ, धावडा.

काटोल तालुक्यातल्या माझ्या आजोळी एक लोहारकाका आहेत. ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून त्यांनी मला सहा इंची पातं काढून दिलं, मागे तीन इंची शेपटी ठेवून. मी घरून नीट मोजून भोक पाडून आणलेली धाव्याची मूठ दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि म्हणाले, "ताई, थंडी ठोकसान तं फाटन. लाल करून घालसान तं बसन." माझ्या वहीत तापमान, भोकाचा व्यास, लाकडातल्या ओलाव्याची टक्केवारी असं सगळं होतं. हे वाक्य नव्हतं.

तरी मी शहाणपणा केलाच. पहिली मूठ थंडी ठोकली, ती फाटली. दुसऱ्या वेळी शेपटी इतकी लाल केली की भोक जळून रुंद झालं आणि पातं खुळखुळायला लागलं. तिसऱ्या वेळी काकांनी माझ्या हातातून सांडशी घेतली. शेपटी मंद लाल, एकदा आत, धूर, लगेच बाहेर. पुन्हा तापवून आत, पुन्हा बाहेर. शेपटीच्या आकाराचं काळं भोक तयार झालं. मग त्यात लाख आणि विटेचा बारीक भुगा यांचं मिश्रण भरलं, शेपटी नुसती कोमट-गरम करून शेवटची आत सारली आणि थंड होईस्तोवर पातं हलू दिलं नाही. तलवारींच्या मुठी आपल्याकडे याच धर्तीवर लाखेसारखा चिकट पदार्थ भरून बसवत. विटेचा भुगा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "नुसती लाख काचावानी रायते, फुटते." भरड घातल्यानं ठिसूळपणा कमी होतो, हे आम्ही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात चार पानं लावून शिकतो.

म्हशीचं शिंग गरम शेपटीला सगळ्यात सहज वश झालं, पण वासानं काकांच्या सुनेनं आम्हाला अंगणातून हाकललं. बैलाचं हाड दुसऱ्याच ठोक्याला उभं चिरलं. सांबरशिंगाला एवढी किंमत का होती, ते त्या चिरण्याच्या आवाजात मला जितकं कळलं तितकं वाचून कळलं नव्हतं.

या उद्योगातून माझ्या संशोधनाला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे कोळसा. तापवून बसवलेल्या मुठीत लोखंड आणि लाकूड यांच्या मधे जळक्या लाकडाचा पातळ थर राहतो. कोळसा कुजत नाही. म्हणजे जुन्या सुरीच्या शेपटीवर गंजाच्या आत कोळशाची रेघ सापडली, तर मूठ कुठल्या लाकडाची यापलीकडे जाऊन ती कशी बसवली होती हेही सांगता येईल. दुसरी गोष्ट लाख. लाख किंवा राळ यांचा अंश उरला असेल तर इन्फ्रारेड वर्णपटात त्याची खूण दिसू शकते. त्यामुळे आता मी शेपटीचा गंज बघताना आधी थर मोजते: लोखंड, मग काही काळं आहे का, मग तंतू.

आणि मातीचाही विचार करावा लागतो. आपली काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात चुना असतो. अशा मातीत लाकूड लवकर जातं, हाड त्या मानानं तग धरतं; या दफनांत माणसांची हाडं मिळतातच. सांबरशिंग हाडच असल्यानं तशी मूठ असेल तर शेपटीभोवती तिचा एखादा तुकडा तरी दिसायला हवा. म्हणून शेपटी पूर्ण उघडी आढळली की माझा पहिला संशय लाकडावर जातो, दुसरा म्हशीच्या किंवा रानगव्याच्या शिंगावर. आणि तांब्याच्या वस्तूला लागून पडलेल्या शेपट्या मी आधी मागते, कारण तांब्याचे क्षार जिवाणूंना आणखी वाईट, तिथं तंतू जास्त टिकतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते.

पहिल्या वर्षी एका प्रयोगशाळेत मला सरावासाठी एक जुनी लोखंडी सुरी दिली होती. कुठून आली याची नोंद नसलेली, म्हणूनच सरावाला. काम होतं गंज काढायचं. मी तीन दिवस बसले. सर्जिकल ब्लेडनं, मग ब्रशनं, मग पुन्हा ब्लेडनं. पातं छान निघालं. शेपटीवरचा गंज जरा वेगळा होता, दाट, तपकिरी, रेघारेघांचा. तोही मी चिकाटीनं काढला. शेवटी सुरी टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ झाली. सगळ्यांनी कौतुक केलं. मी फोटो काढून आईला पाठवला.

आठवड्यानं काचेच्या बशीत उरलेली एक ढलपी सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली. समांतर नळ्या. शेजारी शेजारी, अगदी व्यवस्थित. ती मूठ होती. बाकीची मूठ मी तीन दिवस खपून केराच्या डब्यात टाकली होती.

दोष माझा होता, पण चूक माझी एकटीची नव्हती. विसाव्या शतकात बराच काळ उत्खननातलं लोखंड विद्युत-रासायनिक पद्धतीनं अगदी धातूपर्यंत साफ करणं ही जगभरची मान्य पद्धत होती. त्यामागचा हेतूही चांगलाच होता: गंज वाढू नये, आकार दिसावा. त्यात किती मुठी गेल्या असतील याचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण मूठ होती हेच कुणाला दिसलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण सहज म्हणतो. त्या सुरीच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं आणि उघडणारा हात माझा होता.

अलीकडच्या अभ्यासांनी विदर्भाच्या या लोखंडाची पत पुष्कळ वाढवली आहे. माहुरझरीच्या एका पोलादी छिन्नीच्या धातुपरीक्षणावर देशपांडे, मोहंती आणि शिंदे यांचा लेख २०१० साली 'करंट सायन्स'मध्ये आला. पातं कसं घडवलं, धारेला पोलाद कसं आणलं, यावर बोलणारे अभ्यासक आता आहेत. पण धातुपरीक्षणासाठी नमुना कापायचा तर तो धारेजवळ कापतात. शेपटीकडे कुणी फिरकत नाही. माझ्या दृष्टीनं हे बरंच आहे, तेवढी जागा शिल्लक राहिली.

म्हणून मी जिथं जाते तिथं एकच विनंती करते. वस्तू साफ करायची तर पातं करा. पात्याचा शेवट आणि शेपटी जशी आहे तशी राहू द्या, कोरड्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून. ढलपी पडलीच तर फेकू नका, पाकिटात घालून वर नंबर टाका. एका ठिकाणी मला विचारलं, "मॅडम, ही घाण पण रजिस्टरला चढवायची का?" मी हो म्हटलं. त्यांनी खरंच चढवली, 'गंजाचा चुरा, १ पाकीट' अशी.

माझी ती पहिली ढलपी अजून टेबलावर छोट्या काचेच्या बाटलीत आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यावर गावाचं नाव नाही, कारण त्या सुरीलाच नव्हतं. दोनदा नीट बघितली. मोठ्या नळ्यांची कड्यासारखी रांग दिसत नाही, म्हणजे साग नसावा. धावड्याच्या आज कापलेल्या तुकड्याशी ताडून बघायची आहे. तो तुकडा काकांनी पाठवून दिलाय, त्याच फाटलेल्या पहिल्या मुठीचा.